तीन शिळा आणि एक न सापडणारे नाव

🧵 पहिल्या महायुद्धाला शंभर वर्षे झाली तेव्हा जगाने काय आठवले आणि काय राहून गेले, याविषयी हा धागा.

१/
महाराष्ट्रातील काही जुन्या गावांत चावडीच्या भिंतीत किंवा देवळाच्या आवारात एक लहानशी कोरीव शिळा आढळते. मजकूर बहुतेक ठिकाणी एकाच साच्याचा : या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गावाचे नाव आहे, वर्षे आहेत, आकडे आहेत. जो गेला त्याचे नाव नाही.

२/
२०१४ मध्ये लंडनच्या टॉवरभोवतीच्या कोरड्या खंदकात ८,८८,२४६ चिनीमातीची लाल फुले रोवण्यात आली. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींच्या प्रत्येक मृत सैनिकामागे एक फूल. लाखो लोकांनी ती पाहिली. पण तेथे रोज सायंकाळी आणखी एक विधी होई : १८० मृतांची नावे मोठ्याने वाचली जात. ही नावे लोकांनीच सुचवलेली असत. ज्याचे नाव कोणाच्या तरी घरात टिकून होते, तोच तेथे पुकारला गेला.

३/
अविभाजित हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे या युद्धासाठी समुद्रापार गेली. मृतांचा आकडा ७४ हजारांच्या वर जातो. मराठा पलटणींची भरती प्रामुख्याने सातारा, कोल्हापूर, पुणे, रत्नागिरी या भागांतून होत असे. साताऱ्याजवळचे अपशिंगे आजही ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते.

४/
यांपैकी पुष्कळांचे युद्ध फ्रान्समध्ये नव्हे, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये झाले. तेथे गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच ‘पूना डिव्हिजन’ होते. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. बगदाद घेण्याच्या घाईत ही फौज फार पुढे गेली, परतवली गेली आणि ७ डिसेंबर १९१५ रोजी तैग्रिस नदीकाठच्या कुत अल अमारा येथे वेढ्यात अडकली.

५/
वेढा जवळपास पाच महिने चालला. धान्य आटले, घोडे कापून खाण्याची वेळ आली, सुटकेसाठी आलेल्या फौजा वाटेतच अडवल्या गेल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार हिंदी आणि ब्रिटिश सैनिक तुर्कांच्या हाती पडले. सेनापती टाउनशेंडने उरलेले युद्ध इस्तंबूलजवळच्या एका बेटावर आरामात काढले. शिपायांना वाळवंटातून पायी हाकलण्यात आले. हजारो परतले नाहीत.

६/
आता त्यांतील एका मराठा शिपायाचे नाव शोधायचे आहे, असे समजू.

पहिली शिळा गावातली. तिच्यावर तो ‘इतक्यांपैकी एक’ आहे.

७/
दुसरी शिळा दिल्लीची. १९३१ मध्ये अनावरण झालेल्या इंडिया गेटवर महायुद्धात पडलेल्या साऱ्या हिंदी सैनिकांची नावे आहेत, अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः स्मारक सर्वांचे असले, तरी तेथे कोरलेली सुमारे १३ हजार नावे प्रामुख्याने वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात मृत्यू पावलेल्यांची आहेत. मेसोपोटेमियाचा तेथे केवळ प्रदेश म्हणून उल्लेख आहे. कुतचा शिपाई येथेही सापडत नाही.

८/
तिसरी शिळा बसऱ्याची. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि ज्ञात कबर नसलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांचे हे स्मारक. तेथे ब्रिटिश सैनिकांची, साध्या शिपायांसह, नावे आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली केवळ संख्या कोरली आहे. असे ‘संख्येने’ स्मरले गेलेले हिंदी शिपाई ३० हजारांहून अधिक आहेत.

९/
ही गोष्ट दगडाच्या टंचाईमुळे घडली नाही. फ्रान्समध्ये नव्ह शापेल येथे त्याच सैन्याच्या ४,७०० हून अधिक मृतांची नावे कोरलेली आहेत. ते स्मारक युरोपच्या नजरेसमोर होते, बसऱ्याचे नव्हते. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाचे तत्त्व तर सर्व मृतांना समान वागणूक देण्याचे होते. ती समता सुएझच्या पूर्वेला पोहोचेपर्यंत विरळ झाली.

१०/
आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये हे मान्य केले. किमान ४५ हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले. आणखी किमान १,१६,००० जणांचे, कदाचित ३,५०,००० जणांचेही, नावानिशी स्मरण झालेच नाही. हे प्रामुख्याने आशिया आणि आफ्रिकेतील लोक होते. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत क्षमा मागितली. युद्धाच्या आरंभाची शताब्दी तोवर सात वर्षे मागे पडली होती.

११/
येथे एक आक्षेप नेहमी येतो : ते परक्यांसाठी लढले, त्यांचे स्मरण आपण का करावे? २०२२ मध्ये अमर जवान ज्योत इंडिया गेटवरून राष्ट्रीय युद्धस्मारकात विलीन झाली, तेव्हाही हा युक्तिवाद जोरात होता. तो पोकळ नाही. त्या युद्धाच्या बदल्यात स्वराज्याची आशा दाखवली गेली आणि पदरी रौलट कायदा व जालियनवाला बाग आली.

१२/
पण तत्कालीन नेत्यांना हा प्रश्न इतका सोपा वाटला नव्हता. लोकमान्य टिळक सैन्यभरतीच्या विरोधात नव्हते. ते भरतीला स्वराज्याच्या मागणीशी जोडत होते. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना याच मुद्द्यावर अडवले आणि टिळक सभा सोडून निघून गेले. त्याच वर्षी गांधीजी खेड्यात सैन्यभरतीसाठी फिरत होते. ज्या निर्णयात टिळक आणि गांधी गुंतले होते, त्याचा सारा दोष कर्ज आणि दुष्काळ पाहिलेल्या शिपायाच्या माथी मारणे न्याय्य नाही.

१३/
दुसरी बाजू निखळ अभिमानाची. तिला हैफाची घोडदौड आठवते, शौर्यपदके आठवतात. कुतची उपासमार आणि कैद्यांची वाटचाल आठवत नाही, कारण त्यात विजय नाही. एक पक्ष शिपायाला लाजिरवाणा ठरवतो, दुसरा त्याचा पुतळा करतो. दोघांनाही त्याचे नाव लागत नाही.

१४/
स्मरण म्हणजे युद्धाचे समर्थन नव्हे. साम्राज्याला हिशेबासाठी संख्या पुरेशी होती. स्वतंत्र देशाला ती पुरेशी वाटावी, हीच खरी खेदाची बाब आहे. ज्या साम्राज्याचा निषेध करायचा, त्याचीच मोजण्याची रीत आपण चालू ठेवली आहे.

१५/
आणि नावे हरवलेली नाहीत. बसऱ्याच्या दगडावर नसलेली पुष्कळ नावे आयोगाच्या नोंदींत आहेत आणि आज कोणालाही महाजालावर शोधता येतात. २०२१ मध्ये लाहोरच्या संग्रहालयातील नोंदवह्यांतून पंजाबच्या सुमारे ३,२०,००० सैनिकांची माहिती खुली झाली आणि अनेक घरांना आपले पणजोबा सापडले.

१६/
हेच काम मराठी गावांतही होऊ शकते. शाळेतील दहा मुले आणि एक शिक्षक एवढ्यांनीही ते सुरू होईल : आयोगाच्या नोंदी, जुनी निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, घरातल्या ट्रंकेतले पदक, म्हाताऱ्यांच्या आठवणी. गावातल्या त्या शिळेखाली अजून जागा आहे. शताब्दी संपली म्हणून ती भरण्याची मुदत संपलेली नाही.