बोगद्यातले पान

गेल्या दिवाळीत दरेकसाच्या बोगद्यात आमची गाडी शिरली आणि माझ्या मोबाइलवरचे पान गरगरत थांबले. शेजारचा नातू मात्र त्याच्या मोबाइलवर गोष्टीची पाने खुशाल उलटत होता. "आजोबा, पुढची पानं यानं आधीच आणून ठेवलीत," तो म्हणाला.

त्यात नवल ते काय? सिग्नल पडला की स्टेशनवरचा चहावाला पेले भरून ठेवतोच. आमच्या शाखेतला शिपाई पेन्शनच्या दिवशी म्हातारे खातेदार पायरी चढायच्या आत त्यांचे लेजर काउंटरवर आणून ठेवी. त्याने काही पेटंट मागितले नाही!

संगणकवाले मात्र मागतात, आणि पेटंट परीक्षकाची पंचाईत होते. वाचणारा पुढे काय उघडील याचा अंदाज बांधणे ही चहावाल्याचीच हुशारी. पण तो अंदाज चुकला तर फुकट गेलेली माहिती, अडलेली तार, भरलेली स्मृती, यांवर कोणी खरोखर नवा उपाय काढला असेल तर? आपल्या कायद्याचे कलम ३ (के) निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाकारते. इंग्रजी मजकुरात तिथे 'पर से' असे दोन शब्द आहेत. सारे भांडण त्या दोन शब्दांचे.

ट्युनिशियाचे फेरीद अल्लानी यांनी ते भोगले. इंटरनेटवरची माहिती आणि सेवा गाठण्याची एक पद्धत व तिचे साधन यांसाठी त्यांनी २००२ मध्ये दिल्लीच्या पेटंट कार्यालयात अर्ज केला. तो नाकारला गेला. २०१३ मध्ये अपील मंडळानेही फेटाळला. अखेर डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले, की शोधात प्रोग्रॅम आहे एवढ्यावरून नकार देता येत नाही. त्याने यंत्राच्या कामात तांत्रिक भर पडते का, ते पाहा आणि अर्ज पुन्हा तपासा. जुलै २०२० मध्ये पेटंट मंजूर झाले.

गंमत, म्हणजे खरे तर शोकांतिका, पुढेच आहे. पेटंट वीस वर्षांचे आणि मोजणी सुरू होते आंतरराष्ट्रीय अर्जाच्या तारखेपासून. ती होती डिसेंबर २००० मधली. अठरा वर्षे भांडून हाती आले जेमतेम पाच महिने.

परीक्षकाने सगळ्यांना हो म्हणावे, असे मी म्हणत नाही. चहावाल्याची युक्ती कोणी आपल्या नावावर केली, तर उद्या आपल्याच पोरांना तिचे भाडे भरावे लागेल. पण नकाराला नेमके कारण हवे आणि तो वेळेत तपासला जायला हवा. ते अपील मंडळ २०२१ मध्ये बंद झाले. आता दाद उच्च न्यायालयात मागायची. दरेकसाच्या माणसाचा अर्ज मुंबईच्या कार्यालयात जातो आणि बोगद्याच्या टोकाला सुरू होणाऱ्या छत्तीसगडचाही तिथेच. या भागातून वकिलाची फी भरून मुंबईला खेपा घालणे किती जणांना झेपेल?

हे मी साळसूदपणे लिहितो आहे, पण माझीही एक फाइल आहे. शाखेत असताना एका वेल्डरने धान मळणीच्या यंत्रात स्वतः केलेल्या सुधारणेसाठी कर्ज मागितले होते. मी शेरा मारला, "प्रस्ताव निकषांत बसत नाही." कुठला निकष, ते लिहिले नाही. त्याने दोनदा येऊन विचारले. तिसऱ्यांदा तो आला नाही.