अभयारण्याला वाटाड्या हवा

‘अभयारण्य’ हा शब्द मराठी माणूस इतक्या सहजतेने उच्चारतो की, त्यातील अर्थाकडे त्याचे लक्षच जात नाही. जेथे जिवाला भय नाही ते अरण्य, हा त्याचा सरळ अर्थ. पण अभय ही आपोआप उगवणारी वस्तू नव्हे. ते कोणीतरी कोणाला तरी द्यावे लागते. राजपत्रातील अधिसूचना सीमा आखते, वन खात्याची पाटी ती सीमा दाखवते. पण पाखराला अभय मिळते ते सीमेच्या आत पाऊल टाकणाऱ्या माणसाच्या वागण्यातून. हे वागणे त्याला शिकवायचे कोणी, हा प्रश्न मात्र आपल्या वनधोरणात नेहमी शेवटच्या ओळीत ढकलला जातो.

गोव्यातील चोडण बेटाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पणजीजवळच्या रायबंदर धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की, काही मिनिटांत तिसवाडी तालुक्यातील हे बेट लागते. त्याच्या पश्चिम टोकाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्रफळ अवघे १.७८ चौरस किलोमीटर. पण या चिमुकल्या जागेत भरती-ओहोटीच्या खाऱ्या पाण्यावर पोसलेले खारफुटीचे दाट वन उभे आहे. एका राजधानीच्या शहरापासून इतक्या जवळ असे वन टिकून राहावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

तथापि, या वनात एकटा शिरलेला पर्यटक पुष्कळदा निराश होऊन परततो. त्याच्या डोळ्यांपुढे वाघ-हरणांचे जंगल असते. येथे त्याला दिसतो काळा चिखल, नाकाला जाणवतो कुजक्या पाल्याचा दर्प, आणि चावायला असतात मच्छर. चार बगळे दिसतात, तेही दूर. मग तो मोठ्याने बोलू लागतो, पक्षी उडावेत म्हणून टाळ्या वाजवतो, रिकामी बाटली तेथेच टाकतो आणि ‘पाहण्यासारखे काही नाही’ असा निर्वाळा देऊन परतीची बोट पकडतो. तो दुष्ट असतो असे नाही. तो अडाणी असतो, आणि त्याचे अडाणीपण घालवण्याची जबाबदारी कोणी घेतलेली नसते.

त्याच वाटेवर जाणता वाटाड्या सोबत असला की, वन जणू दुसरेच होते. चिखलातून वर आलेल्या बोटभर काड्या म्हणजे तिवराची श्वसनमुळे आहेत, हे तो दाखवतो. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून झाड मुळेच हवेत वर काढते. तिवराच्या पानावरचे पांढुरके कण म्हणजे झाडाने बाहेर टाकलेले मीठ. पलीकडे चारी बाजूंना तिरक्या मुळांचे टेकू देऊन उभा असतो तो कांदळ. त्याचे बी झाडावरच रुजते, लांब शेंगेसारखे वाढते आणि तयार झाले की सुटते. खाली चिखल असला तर तेथेच रोवले जाते, पाणी असले तर तरंगत दुसरा किनारा गाठते. माता लेकराला चालते करून मगच सोडते, तसाच हा प्रकार. ओहोटी लागली की उघड्या चिखलावर निवट्या उड्या मारू लागतात. मासा असूनही ओल्या त्वचेतून श्वास घेत त्या पाण्याबाहेर वावरतात. एकच नांगी अवाढव्य असलेला चिमुकला खेकडा ती नांगी हलवत का बसतो, बांधावर पडलेल्या विष्ठेत माशांचे खवले दिसले तर ते पाणमांजराचे कसे ओळखायचे, आणि एरवी पूर्व किनारा व अंदमानात आढळणारा पांढऱ्या गळपट्ट्याचा खंड्या येथे कोणत्या फांदीवर बसतो, हे सारे जाणत्याच्याच तोंडून कळते.

वाटाड्या केवळ माहिती देतो असे नाही, तो वेळही सांभाळतो. भरतीच्या वेळी होडीतून जावे, ओहोटीच्या वेळी काठाने चालावे, हे त्याला घड्याळ न पाहता समजते. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची वेळ काढण्याचा पिढ्यानपिढ्यांचा ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सुमारे सहाला पाणी पूर्ण चढलेले. पंचांग आणि समुद्र यांची ही सांगड ज्याच्या अंगवळणी पडली आहे, त्याच्या मागून चालणारा शहरी माणूस नकळत आपला आवाज खाली आणतो. आज्ञेने जे साधत नाही, ते आदराने साधते.

ज्या नावाने हे अभयारण्य ओळखले जाते, त्या नावाची कथाही हेच सांगते. १८९६ साली मुंबईत जन्मलेल्या सालिम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, या कुतूहलापोटी तो मुलगा मामांच्या सांगण्यावरून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्याला हुसकावून लावले नाही. त्यांनी पाखरू ओळखून दिले, संस्थेतील पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला, वाचायला पुस्तके दिली. शिकारीची हौस असलेल्या त्या पोरातून पुढे भारतातील पक्षिशास्त्राचा पाया घालणारा अभ्यासक उभा राहिला. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९८७ साली ते गेले आणि पुढच्याच वर्षी चोडणच्या खारफुटीला त्यांचे नाव देण्यात आले. त्या मुलाला योग्य वेळी वाटाड्या भेटला नसता, तर बंदूक हातातच राहिली असती. आज चोडणला येणाऱ्या शाळकरी मुलाला असा कोणी भेटतो का?

कोणी म्हणेल, पर्यटकाला चार गोष्टी कळल्या किंवा न कळल्या, त्याने एवढे काय बिघडते? बिघडते. खारफुटी हे आपल्या देशातील सर्वांत गैरसमज झालेले वन आहे. डोंगरावरचा साग कोणी उघडपणे तोडू लागला तर गावकरी चार प्रश्न विचारतात. खाडीतल्या तिवरावर भराव पडला तर ‘घाण गेली, जागा मोकळी झाली’ असे म्हणणारे सुशिक्षितही भेटतात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१च्या अहवालानुसार साऱ्या देशात खारफुटी होती ४,९९२ चौरस किलोमीटर. त्यांत महाराष्ट्राचा वाटा ३२४ आणि गोव्याचा अवघा २७ चौरस किलोमीटरांचा. इतक्या थोड्या वनावर किनाऱ्याचे केवढे ओझे आहे! मासळी आणि कोळंबीच्या पिलांचा तो पाळणा आहे, लाटांचा जोर मोडणारी भिंत आहे. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतील कडलूर जिल्ह्यात पाहणी झाली, तेव्हा किनारी झाडोऱ्याच्या आडोशाला असलेल्या गावांची हानी उघड्या किनाऱ्यावरील गावांहून कमी झाल्याचे आढळले.

कायदा या बाबतीत मुळीच दुबळा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यातील खारफुटीच्या तोडीला आणि तेथील भरावाला मनाई केली. २०१८च्या निकालात खारफुटीचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असे स्पष्ट म्हटले. महाराष्ट्राने २०१२ साली खारफुटीसाठी वन खात्यात स्वतंत्र कक्ष उभारला. हे सारे स्वागतार्ह आहे. पण न्यायालयाचा हुकूम रात्री राडारोडा घेऊन येणाऱ्या ट्रकच्या आडवा उभा राहत नाही. आडवा उभा राहतो तो शेजारचा माणूस, आणि तोही तेव्हाच, जेव्हा त्या चिखलात काय आहे हे त्याला ठाऊक असते. ज्याने एकदा कांदळाचे रुजलेले बी हातात धरून पाहिले, त्याला खाडी पुन्हा पडीक जमीन वाटत नाही. वनफेरीचे खरे फळ आहे ते हे.

आपल्या समाजाला हा विचार परका नाही. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या देवरायांत शिरण्याचे नियम ठरलेले आहेत : कोणत्या दिवशी जायचे, पायताण कोठे काढायचे, कशाला हात लावायचा नाही. गोव्यातील सत्तरी तालुक्यात निरंकाराची राय आहे. पाणथळ जागी वाढणाऱ्या जायफळाच्या कुळातील झाडांचे ते दुर्मिळ वन देवाच्या नावानेच राखले गेले. खाडीकाठच्या खाजन शेतीचेही तसेच. समुद्राचे पाणी थोपवणारे मातीचे बांध आणि भरतीला आपोआप मिटून ओहोटीला उघडणारी ‘मानस’ ही लाकडी दारे गोव्याच्या गावकरी संस्थांनी पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून सांभाळली. त्या बांधांची पहिली ढाल बाहेरची खारफुटीच होती. राखणे आणि वापरणे यांत त्या समाजाने वैर मानले नाही. वन ओळखणारा माणूसच वनाचा राखणदार होता.

आजही हे अशक्य नाही. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात. ज्या खाडीवर त्यांच्या घरचे पोट चालले, तिची ओळख करून देणे हाच त्यांचा व्यवसाय झाला. खाडी बुजली तर आपली कमाई बुजेल, हे त्यांना कोणी व्याख्यान देऊन सांगावे लागत नाही. ताडोबाच्या व्याघ्र प्रकल्पात मार्गदर्शक सोबत घेतल्याशिवाय सफारीची गाडी आत सोडत नाहीत, आणि हे मार्गदर्शक बहुतांशी आसपासच्या गावांतले असतात. वाघासाठी जो नियम योग्य ठरला, तो बगळ्यासाठी अनाठायी कसा? उलट, जेवढे वन लहान तेवढी त्याला शिस्त अधिक हवी. ताडोबात बुजलेल्या जनावराला मागे सरकायला जंगल आहे. पावणेदोन चौरस किलोमीटरच्या बेटवनात पाखराने सरकायचे कोठे?

यावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि ते दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, वाटाड्यांचा धंदा वाढला की गर्दी वाढते, आणि गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठी पाखरांच्या थव्यावर होडी घालणारेही निघतात. हे खरे आहे. हिवाळ्यात हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी येथे परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतो. छायाचित्रासाठी त्याला वारंवार उडवणे म्हणजे त्याच्या शिदोरीवर डल्ला मारणे होय. पण यावर उपाय वाटाड्या नाकारणे हा नव्हे, वाटाड्याला शिक्षण, परवाना आणि बंधन देणे हा आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा. वाटाड्याचे शुल्क सक्तीचे केले तर गरीब घरातील मूल दाराबाहेरच राहील. हा आक्षेप अधिक गंभीर आहे. म्हणूनच शाळांच्या फेऱ्यांचा भार सरकारने उचलावा. मेळावे, फलक आणि उद्घाटने यांवरील खर्चात थोडी काटकसर केली तरी तो निघेल.

मागणी अवघड नाही. अशा प्रत्येक लहान अभयारण्यात बेटावरील किंवा खाडीकाठच्या तरुण-तरुणींना वन खात्याने रीतसर शिकवावे. एका वाटाड्यामागे दहा-बारांहून अधिक माणसे नसावीत. फेरीच्या वेळा कार्यालयीन सोयीने न ठरता भरती-ओहोटीने ठरवाव्यात. वीण चालू असलेले भाग त्या काळात बंद ठेवावेत आणि थव्यावर होडी घालणाऱ्याचा परवाना जावा. मिळालेल्या शुल्काचा ठरावीक हिस्सा त्याच गावाच्या बांधांवर खर्च व्हावा, म्हणजे अभयारण्य हे गावाच्या डोक्यावर बसलेले सरकारी कुंपण वाटणार नाही. आणि या माणसांना हंगामी मजूर न समजता, शिक्षकाला द्यावा तसा मान द्यावा. कारण ते करतात ते शिक्षकाचेच काम आहे.

आपल्याकडे वने घोषित करण्याचा उत्साह मोठा आहे, ती समजावून सांगण्याचा कमी. घोषणा एका दिवसात होते. समज एकेका माणसात, एकेका फेरीत रुजवावी लागते. कांदळाचे बीही झाडाला लटकलेले असतानाच पुरते वाढते, आणि म्हणूनच खाली पडल्यावर लाटेत टिकते. पुढच्या पिढीच्या मनात वनाविषयीची जाण अशीच तयार करून सोडली, तर चोडणच्या पाखरांना अभय देण्यासाठी पाटीची गरज उरणार नाही.