आधी नाव, मग औषध



ऊस पिवळा पडला, ओढला की उपटून हातात आला, खाली पांढरी अळी दिसली की आपण एकच शब्द बोलतो: हुमणी. आणि थेट दुकान गाठतो. माझं म्हणणं एवढंच, आधी ती कुठली हुमणी ते बघा.

आपल्या राज्यात उसाला त्रास देणाऱ्या मुख्य दोन. होलोट्रिकिया ही माळावरची, हलक्या रानातली. ल्युकोफोलिस ही नदीकाठची. आपल्याकडं एकाच गावात भीमाकाठ पण असतो आणि माळ पण. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेला इलाज आपल्याला पडेलच असं नाही. माळावरचीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर अंधार पडता पडता कडुलिंब-बाभळीवर पाला खायला येतात. तिथंच फांद्या हलवून गोळा करायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. अंडी घालायच्या आधीच काम होतं.

उकिरड्यातली प्रत्येक पांढरी अळी पण हुमणी नसते. गेंड्या भुंग्याची अळी तशीच दिसते, पण ती कुजलेलं खाते. नुकसान करतो तो मोठा भुंगा, नारळाच्या शेंड्याचं.

याच गेंड्या भुंग्यानं पॅसिफिक बेटांवरच्या लोकांना धडा दिला. सामोआ बेटावर 1967 मध्ये त्याच्यावर एक विषाणू सोडला, तो लागू पडला, मग इतर बेटांवरही वापरला. पण 2007 मध्ये ग्वाम बेटावर भुंगा सापडला, त्याच्यावर तो विषाणू चालेना. दिसायला सारखाच, पण वाण वेगळा निघाला.

अळीची ओळख शेपटाकडच्या शेवटच्या भागाच्या खालच्या बाजूला असते. तिथल्या बारीक केसांची ठेवण जातीप्रमाणं बदलते, भिंगातून दिसते.

कुणी म्हणेल, शेतकऱ्याला एवढा वेळ कुठंय? पाच मिनिटांचं काम आहे. भुंगेरा काडेपेटीत ठेवा. अळी गरम पाण्यात बुडवून स्पिरिटच्या बाटलीत टाका. सोबत चिठ्ठी: तारीख, गाव, जमीन, पीक, कुठल्या झाडावर सापडला. चिठ्ठीशिवाय नमुना म्हणजे सात-बाऱ्याशिवाय जमीन.

आणि कृषी विज्ञान केंद्रातल्या साहेब लोकांना विनंती. तालुक्यावार भुंगेऱ्यांची अशी नावानिशी पेटी शेतकऱ्याला बघायला मिळाली पाहिजे. औषधाचे फलक गावोगावी दिसतात, किडीची ओळख पटवणारी पेटी कुठंच दिसत नाही. जात कळली तर निम्मा खर्च वाचेल असं माझं मत.

यंदा वळीव पडला की काडेपेटी खिशात ठेवा. तुमच्याकडं कुठल्या झाडावर भुंगेरे येतात, खाली लिहा.