मागच्या बाकावरची कुजबुज

बी.कॉम.ची तीन वर्षं आम्ही टिपणं उतरवली. सरांच्या वहीतून थेट आमच्या वहीत. वाटेत डोकं लागलंच नाही. शेजाऱ्याशी कुजबुजलो की 'गेट आउट'!

पुढे बँकेत चिकटलो आणि बपेऱ्याला आलो. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याने धानाचे पैसे भरले अन् विचारलं, "पैसे तं तुमच्याकडं आले जी, मंग जमा माह्या नावानं कसे?"

मी गप्प! उत्तर शोधताना उमगलं, की पैसे आले म्हणूनच बँक त्याची देणेकरी झाली. तीन वर्षांचा जमाखर्च तीन मिनिटांत कळला.

हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी १९९१ मध्ये हेच सुरू केलं. प्रश्न टाकायचा, शेजाऱ्याशी वाद घालू द्यायचा, मग पुन्हा विचारायचं. म्हणजे आमचा गुन्हा तिथे अभ्यासक्रम! विज्ञान-गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास २०१४ मध्ये एकत्र तपासले गेले. नुसत्या व्याख्यानात शंभरात ३४ नापास. मुलांना कामाला लावलं तिथे २२.

"पण पोर्शन संपत नाही," प्राध्यापक म्हणतात. संपतो हो, फक्त तुमचा!

तासाला एक तरी प्रश्न टाका. नाहीतर पोरांना आमच्या काउंटरवर धाडा. म्हातारा अजून येतो.