पापाचे वाटेकरी

वाटसरूंना लुटणाऱ्या वाल्या कोळ्याची कथा महाराष्ट्रात कीर्तनकारांनी घरोघरी पोहोचवली आहे. संत जनाबाईंचे गंगाखेड ज्या परभणी जिल्ह्यात आहे, तेथे ती कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. नारदांच्या सांगण्यावरून वाल्या घरी जातो आणि आपल्या पापाचे वाटेकरी कोण होणार, असे बायकामुलांना विचारतो. घरचे स्पष्ट नकार देतात. त्या नकारानेच त्याचे डोळे उघडतात आणि वाल्याचा वाल्मीकी होतो.

हाच प्रश्न अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी मालिकेने वेगळ्या रीतीने मांडला. ‘द सोप्रानोज’ ही ८६ भागांची मालिका जानेवारी १९९९ ते जून २००७ या काळात ‘एचबीओ’ वाहिनीवर दाखवली गेली. तिचा नायक टोनी सोप्रानो हा न्यू जर्सीतील टोळीप्रमुख आणि कुटुंबवत्सल पिता. मुलीला महाविद्यालये दाखवायला निघालेला हा बाप त्याच प्रवासात एका जुन्या खबऱ्याचा गळा आवळतो आणि पुन्हा मुलीच्या शेजारी येऊन बसतो. त्याची पत्नी कार्मेला श्रद्धाळू आहे. एक मनोविकारतज्ज्ञ तिची फी नाकारतो. हा पैसा रक्ताने माखलेला आहे, मुलांना घेऊन घर सोड, असे तिला बजावतो. कार्मेला घर सोडत नाही. उलट मुलीच्या विद्यापीठाला ५० हजार डॉलरची देणगी देण्यास पतीला राजी करते. नारद भेटला, पण घराने नकार दिला नाही.

अशा मालिका गुन्हेगारीचे उदात्तीकरण करतात, असा आक्षेप घेतला जातो. तो येथे पुरता लागू पडत नाही. ही मालिका गुन्हेगाराला निर्दोष ठरवत नाही. त्याच्या ताटात जेवणाऱ्यांनाही ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते. १९९९ मध्येच महेश मांजरेकर यांच्या ‘वास्तव’ चित्रपटाने मुंबईच्या टोळीयुद्धात सापडलेले मराठी घर दाखवले. तेथे अखेर आईलाच मुलावर गोळी झाडावी लागते. वेळेवर न दिलेल्या नकाराची ती भयंकर किंमत होती. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा ‘मोक्का’ कायदा राज्यात आला, तोही त्याच वर्षी.

मुंबईच्या टोळ्या आपल्यापासून दूर आहेत, असे मराठवाड्याने मानू नये. गोदावरी आणि पूर्णेच्या पात्रांतून रात्री बेकायदा उपसली जाणारी वाळू हाही टोळीचाच धंदा आहे. धोकादायक व्यक्तींना स्थानबद्ध करणाऱ्या १९८१ च्या राज्य कायद्यात वाळूतस्करांचाही समावेश करावा लागला, यावरून या रोगाची खोली कळते. अशा पैशातून घराला मजला चढतो, मुलाची शिकवणी लागते, लेकीचे लग्न थाटात होते. उत्सवाच्या मंडळाला मोठी देणगी मिळते आणि पावती फाडताना कोणी काही विचारत नाही. त्या पावतीवर पापाला पुण्याचा शिक्का बसतो.

कायदा ट्रॅक्टर पकडील, दंड करील, तुरुंगातही टाकील. पण आलेला पैसा कोठून आला, हे विचारण्याचे काम कायद्याच्या आधी आईचे, पत्नीचे आणि मुलांचे आहे. टोनीच्या घराने शेवटपर्यंत मौन पाळले. वाल्याच्या घराने तोंड उघडले, म्हणून रामायण घडले.