उत्तर अम्मीलाच देऊ द्या

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सिस्टर फाइल घेऊन वॉर्डात येते आणि खाटेवरच्या बाईला विचारते, "तुमचं नाव काय?" उत्तर देतो बाजूला उभा असलेला मुलगा. "औषधं कोणती चालू आहेत?" नवरा सांगतो. "कसली ॲलर्जी?" "काही नाही," दीर परस्पर सांगून टाकतो. आपल्या घरांत हे इतकं रुळलं आहे की कुणाला त्यात वावगं वाटत नाही. उलट 'पोरं आईचं किती बघतात' असं कौतुक होतं. माझ्या मते मात्र ही सवय धोक्याची आहे आणि ती आपल्या पिढीने मोडायला हवी.

सिस्टर हे प्रश्न कागद भरायचे म्हणून विचारत नाही. पूर्ण भूल दिली की माणसाचं गिळणं, खोकणं त्याच्या ताब्यात राहत नाही. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं. त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी साधारणपणे हलकं खाणं ६ तास आणि तळलेलं, जड जेवण ८ तास बंद ठेवतात. साधं पाणी बहुतेकांना २ तास आधीपर्यंत चालतं. नेमक्या वेळा भूलतज्ज्ञ ठरवतात. आता रमजानचा विचार करा. पहाटे ५ वाजता सहरी करून रोजा धरलेली बाई ९ वाजता दवाखान्यात येते आणि मुलगा सांगतो, "उपाशीच आहे." तो खोटं बोलत नाही. पण रोजाच्या हिशोबाने उपाशी असलेलं पोट भुलीच्या हिशोबाने भरलेलं असतं. शेवटचा घास कधी घेतला, हे जिने घेतला तिलाच विचारायला हवं. ऑपरेशन पुढे ढकललं जाईल या भीतीने चहाचा एक घोट लपवणारे नातेवाईकही काही कमी नाहीत.

काही उत्तरं तर मुलासमोर देताच येत नाहीत. पाळी कधी आली, दिवस गेले असण्याची शक्यता आहे का, मिश्री लावता का, कुणाला न सांगता हकीमाचं औषध घेता का, दात हलतो का, कवळी आहे का. अम्मी मिश्री लावते हे मुलाला कदाचित आयुष्यभर कळणार नाही. पण भूल देणाऱ्याला ते कळलं पाहिजे. गळ्यातला ताईत किंवा बांगड्या काढताना तिला वाईट वाटत असेल, तर तेही तिला सिस्टरशी बोलता यायला हवं. सिस्टर बहुतेक वेळा बाईच असते, म्हणजे इथे पडद्याचं कारणही उरत नाही. आपण दहा मिनिटं बाहेर जाऊन उभं राहिलं, एवढंच पुरतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. नुसत्या नावावरून माणूस ओळखायचा नाही, हा आमच्याकडचा अगदी सुरुवातीचा धडा. एकाच वॉर्डात दोन शेख फातिमा सहज असू शकतात. आधार कार्डावर एक नाव, घरात दुसरं. जन्मतारखेचाही भरवसा नाही, कारण शाळेत घालताना लिहिलेली १ जून ही तारीख आपल्या आईवडिलांच्या पिढीत कितीतरी जणांची आहे. म्हणून सिस्टर मनगटावरचा पट्टा बघते, नोंदणी क्रमांक जुळवते. चांगली सिस्टर "तुम्ही फातिमाच ना?" असं विचारत नाही, "तुमचं नाव सांगा" असं म्हणते. घाबरलेला माणूस पहिल्या प्रश्नाला नुसतं 'हो' म्हणून मोकळा होतो. दुसऱ्या प्रश्नाला त्याला स्वतः बोलावं लागतं. तिथे आपणच मध्ये बोललो, तर ती सगळी खबरदारी वाया जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक तपासणी यादी आणली. तिचा पहिला मुद्दाच असा आहे की रुग्णाने आपली ओळख, ऑपरेशनची जागा, कोणतं ऑपरेशन आणि आपली संमती या गोष्टींची स्वतः खात्री द्यावी. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली गेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचं ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचं दिसलं. त्यासाठी नवं यंत्र आणलं नव्हतं. नेमके प्रश्न, नेमक्या वेळी विचारले गेले.

कायदाही हेच सांगतो. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निकाल दिला. बाई तपासणीसाठी भुलीखाली असताना तिच्या आईची परवानगी घेऊन गर्भाशय काढलं गेलं होतं. जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान रुग्णाऐवजी दुसऱ्याने दिलेली संमती चालणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तिथे आईची सही चालली नाही. मग शुद्धीवर असलेल्या बाईच्या जागी नवऱ्याची किंवा मुलाची सही कशी चालेल?

आणि हा विचार आपल्याला परका कुठे आहे? निकाहात वकील आणि गवाह नवरीकडे जाऊन तिची इजाजत घेतात. तिची कबुली नसेल तर निकाह पुरा होत नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तेव्हाही मागणी हीच होती की बाईच्या आयुष्याचा निर्णय तिच्या डोक्यावरून होऊ नये. तलाकच्या प्रश्नावर आपण तावातावाने बोलतो. मग दवाखान्यात, जिथे तिच्या शरीराचा प्रश्न आहे, तिथे तिला गप्प का बसवतो?

यावर उत्तर ठरलेलं असतं: "अम्मीला मराठी नीट येत नाही, ती घाबरते, तिला काही समजत नाही." भाषेची अडचण खरी आहे. अम्मी दखनी बोलते, सिस्टर मराठी किंवा मल्याळी. पण ही अडचण सोडवायला आपण आहोतच, आपल्याला दोन्ही भाषा येतात. अशा वेळी दुभाषी व्हा, वकील होऊ नका. प्रश्न जसाच्या तसा अम्मीपर्यंत न्या, तिचं उत्तर जसंच्या तसं सिस्टरपर्यंत आणा. मध्ये आपलं मत घालू नका. आणि भीतीचं म्हणाल, तर काय होणार आहे हे माहीत नसलं की ती वाढते. उद्या कपडे बदलतील, टोपी घालतील, हाताला सुई लावतील, हे कुणी शांतपणे सांगितलं की माणूस सावरतो. हे सांगणं सिस्टरच्या कामाचाच भाग आहे. डोकं झाकून ठेवायचं असेल किंवा पुरुष डॉक्टर तपासताना बाईमाणूस सोबत हवं असेल, तर तेही तिलाच सांगा. तो आपला हक्क आहे. फक्त ज्या सिस्टरवर पूर्ण वॉर्डाचा भार आहे, तिच्याशी आवाज चढवून बोलू नका.

पुढच्या वेळी घरातलं कुणी ऑपरेशनसाठी दाखल झालं, की आदल्या रात्री अम्मीला, खालाला, दादीला एवढंच विचारा: "उद्या तुझं कोणतं ऑपरेशन आहे, आणि ते का करायचंय?" तिला सांगता आलं नाही, तर अंगठा किंवा सही होण्याआधी डॉक्टरांना पुन्हा बोलवा. ते समजावून सांगतील तेव्हा त्यांचं तोंड तुमच्याकडे नको, तिच्याकडे असू द्या.