"कितवी चेअर?" विचारणं थांबवा, आणि नववीत मुलांना ऑर्केस्ट्रातून काढू नका

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, आणि रागवायचं असेल तर पूर्ण वाचून रागवा.

जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे आपल्या घरांत कोर्स सिलेक्शनचा मोसम. आठवीतल्या मुलांचे फॉर्म येतात आणि ग्रुपवर दरवर्षीचा प्रश्न येतो: "मुलगा सहावीपासून ऑर्केस्ट्रात आहे, व्हायोलिन वाजवतो. हायस्कूलला ठेवावं का? जीपीए खाली येतो म्हणतात." खाली उत्तरांची रांग. "फाइन आर्ट्सचं एक क्रेडिट झालं की सोडा." "प्रायव्हेट क्लास चालू ठेवा, शाळेतला बंद करा." "त्या जागी एपी घ्या."

मी टेक्ससमध्ये राहतो, म्हणून उदाहरणं इथली देतो. तुमच्या राज्यात नियम वेगळे असतील, पण डायनिंग टेबलवरचं बोलणं तेच असतं. आणि आधीच कबूल करतो, हा सल्ला मी स्वतः पाळलाय. माझ्या मोठ्या लेकीने तीन वर्षं व्हिओला वाजवली. नववीच्या फॉर्मवर मी ऑर्केस्ट्रावर काट मारली आणि तिथे दुसरा ऑनर्सचा विषय लिहिला. ती फारसं काही बोलली नाही, आणि मी ते "हो" समजलो. व्हिओला भाड्याची होती. दुकानात जाऊन परत केली, पाच मिनिटांचं काम.

पुढच्या वर्षी धाकट्याच्या स्प्रिंग कॉन्सर्टला आम्ही सगळे गेलो. मी फोनवर व्हिडिओ काढत होतो. लेक हळूच म्हणाली, "बाबा, व्हिओला ऐकू येत नाहीयेत. फर्स्ट व्हायोलिन फार जोरात आहेत." मला खरंच कळलं नाही ती काय म्हणतेय. तीन वर्षं मी प्रत्येक कॉन्सर्टला बसलो होतो, पण व्हिओला वेगळ्या ऐकू यायला हव्यात हे मला माहीतच नव्हतं. तिला माहीत होतं, कारण ते तिला त्या वर्गात शिकवलं होतं. आणि मी तिला तिथून बाहेर काढलं होतं.

आता जीपीएचं बोलू, कारण तो मुद्दा खोटा नाही. समजा एपीच्या ए ला ५ आणि साध्या विषयाच्या ए ला ४ मिळतात. सात विषयांपैकी सहा एपी-ऑनर्स, सगळ्यांत ए, आणि सातवा ऑर्केस्ट्रा, त्यातही ए. बेरीज ३४, भागिले ७, म्हणजे ४.८६. ऑर्केस्ट्रा नसता तर ५. शिवाय टेक्ससमध्ये वरच्या दहा टक्क्यांचा कायदा १९९७ पासून आहे. त्या रँकमध्ये बसलं की सरकारी विद्यापीठात प्रवेश आपोआप मिळतो, आणि ऑस्टिनच्या यूटीला तर दहापेक्षाही कमी टक्के लागतात. त्यामुळे रँकची काळजी करणाऱ्या आईबापांना मी हसत नाही.

पण हिशोब अर्धा करू नका. ऑर्केस्ट्राच्या जागी घेतलेल्या त्या सातव्या एपीत मुलाला बी मिळाला, तर तो ४ धरला जातो. म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या ए इतकाच. फरक एवढाच की एकीकडे रात्री साडेबारापर्यंत जागरण आणि दुसरीकडे दिवसातला एक तास वाजवणं. आणि काही डिस्ट्रिक्टमध्ये वरच्या ऑर्केस्ट्राला ऑनर्सचं वजन मिळतं, काही ठिकाणी फाइन आर्ट्सचा मार्क जीपीएत धरायचा की नाही हे ठरवता येतं. तुमच्या शाळेत काय आहे? काउन्सेलरला ईमेल करून विचारलंत का? आपण कार घेताना तीन डीलर फिरतो, आणि इथे एका व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डवर मुलाची तीन वर्षं बंद करतो.

मुळात त्या वर्गात काय शिकवतात हेच आपल्याला ठाऊक नसतं. मी सांगतो.

सहावीत तीस-चाळीस मुलं, व्हायोलिन, व्हिओला, चेलो, बेस, सगळी एका खोलीत आणि समोर बहुतेक वेळा एकच शिक्षक. सुरुवातीला बो हातात मिळतच नाही. बोटाने तार छेडायची. बो धरायला शिकतात तेही आधी पेन्सिलवर: अंगठा वाकलेला, करंगळी गोल, मनगट सैल. आपण घरी म्हणतो, "महिना झाला, एक गाणं आलं नाही." पण तो अंगठा सहावीत ताठ बसला की हायस्कूलमध्ये बो उडवून वाजवायची वेळ येते तेव्हा नडतो. तेव्हा दुरुस्त करणं म्हणजे पुन्हा पहिलीत बसणं.

मग फिंगरबोर्डवर टेप लावतात, बोट कुठे ठेवायचं ते दिसावं म्हणून. आणि एक दिवस त्याच टेप काढून टाकतात, कारण आता जागा कानाने शोधायची. व्हायोलिनच्या डी तारेवर तिसरं बोट ठेवून जी वाजवला आणि तो बरोबर लागला, तर शेजारची मोकळी जी तार हात न लावता घुमते. किंचित बेसूर झाला तर ती गप्प. आपल्याला यात नवल नको, सतारीच्या तरफा अशाच बोलतात. अकरा वर्षांचं मूल स्वतःची चूक स्वतःच्या कानाने पकडायला इथे शिकतं.

यानंतर येतं एकत्र वाजवणं, आणि ते घरी एकट्याने करताच येत नाही. एका स्टँडवर दोघं बसतात. पान आतल्या बाजूच्याने उलटायचं, बाहेरच्याने वाजवत राहायचं. पूर्ण सेक्शनचे बो एकाच दिशेने जायला हवेत. स्वर लावताना खाली चेलो-बेसचा पाया ऐकायचा. सोळा बार गप्प बसून मोजायचे आणि सतराव्याला नेमकं यायचं. आणि आपला आवाज एवढाच ठेवायचा की सूर ज्याच्याकडे आहे तो ऐकू येईल.

यूआयएलची ऑर्केस्ट्रा स्पर्धा कधी पाहिलीत? स्टेजवरचे तयार केलेले तुकडे झाले की मुलांना दुसऱ्या खोलीत नेतात. तिथे कधीही न पाहिलेलं म्युझिक समोर येतं. शिक्षकाला समजावून सांगायला मोजकी मिनिटं मिळतात, त्यात मुलांनी वाजवायचं नाही. मग सगळ्यांनी मिळून पहिल्यांदाच वाजवायचं, तीन परीक्षकांसमोर. कोणी मध्येच हरवलं तर ऑर्केस्ट्रा त्याच्यासाठी थांबत नाही. ऐकत राहायचं, मोजत राहायचं, आणि जिथे सापडेल तिथे परत शिरायचं. रेटिंग मिळतं ते सगळ्यांना मिळून एकच. आपल्या मुलांच्या आयुष्यात असा दुसरा विषय दाखवा, जिथे स्वतः नीट केलं तरी शेजारच्याला सांभाळल्याशिवाय मार्क मिळत नाहीत.

"प्रायव्हेट क्लास चालू आहे ना" हे याचं उत्तर नाही. तो चालू ठेवाच. एवढ्या मोठ्या वर्गात शिक्षकाला एकेकाच्या मनगटाकडे रोज बघता येत नाही, ते काम प्रायव्हेट शिक्षकाचं. पण प्रायव्हेट शिक्षक तुमच्या मुलासाठी थांबतो, त्याच्या लयीने पियानोची साथ करतो. "माझा मुलगा सुझुकीच्या चौथ्या पुस्तकात आहे, विवाल्डी वाजवतो, शाळेत अजून सोपंच चाललंय," असं जे म्हणतात त्यांना एक आठवण: स्वतः शिनिची सुझुकींच्या पद्धतीत एकेकट्या धड्याबरोबर ग्रुप क्लासही आहे. सोपं म्युझिक वीस जणांबरोबर एका सुरात, एका बोने वाजवणं अवघड आहे. तुमच्या विवाल्डीवाल्याला एकदा विचारा.

आता त्या चेअरबद्दल. गेट-टुगेदरला मूल व्हायोलिन वाजवतं म्हटलं की आपला पहिला प्रश्न: "कितवी चेअर?" फर्स्ट व्हायोलिनमधून सेकंडला बसवलं की आई शिक्षकांना ईमेल करते. व्हिओला दिली की बाप विचारतो, "काही चुकलं का?" अहो, सेकंड व्हायोलिन आणि व्हिओला म्हणजे नापासांची बाक नाही. फर्स्टकडे सूर असतो, म्हणून तो निदान स्वतःला ऐकू येतो. मधले आवाज वाजवणाऱ्याला वर-खाली दोन्हीकडे ऐकावं लागतं. पुष्कळ शिक्षक मुद्दाम जागा फिरवत ठेवतात, त्याचं कारण हेच.

मेहली मेहतांचं नाव माहीत असेल, झुबिन मेहतांचे वडील. १९३५ साली त्यांनी मुंबईत बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पुढे इंग्लंडला जाऊन हॅले ऑर्केस्ट्रात वाजवलं. मग अमेरिकेत फिलाडेल्फियाला आले आणि कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये बसले, सेकंड व्हायोलिनवर. ज्या माणसाने स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा केला होता, त्याला दुसऱ्या जागी बसायला कमीपणा वाटला नाही. १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला त्यांनी तरुण मुलांसाठी अमेरिकन यूथ सिम्फनी काढली आणि तीस वर्षांहून जास्त काळ चालवली. मुंबईहून आलेला माणूस अमेरिकेतल्या पोरांना एकत्र वाजवायला शिकवत होता, आणि आपण आपल्या पोरांना तिथून उठवतोय.

"हे आपलं नाही, आपली परंपरा एकट्या कलाकाराची," असंही ऐकतो. बरोबर आहे, गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांचं व्हायोलिन ऐकून आपला कान एका सुरामागे जायला तयार झालाय. पण शेजारी गोव्यात गावोगावच्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना सोल्फेज आणि व्हायोलिन शिकवत. तिथून आलेल्या वादकांनी मुंबईच्या हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रे भरले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच, प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू. 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात त्यांचंच नाव आहे. लताबाईंच्या आवाजामागे एकाच वेळी उठणारी व्हायोलिनं आपण लहानपणापासून ऐकतोय. त्यातल्या कितव्या खुर्चीवर कोण होतं, कधी विचारलंत?

आणि गणपतीत ढोल-ताशा पथकात आपण नाचतो ना? ताशा बदलला की पूर्ण ढोलांची ओळ बदलते. तिथे कुणी विचारत नाही, "तुमचा मुलगा कितवा ढोल?" पथक चांगलं वाजलं एवढंच म्हणतो. हीच दृष्टी शाळेच्या ऑडिटोरियममध्ये घेऊन जा.

मी सगळ्यांना सरसकट सांगत नाहीये. मुलाला स्वतःलाच कंटाळा आला असेल, त्याला थिएटर किंवा रोबोटिक्स करायचं असेल, तर सोडू द्या. शाळेच्या ऑर्केस्ट्रातलं प्रत्येक मूल वादक होत नाही, व्हायलाही नको. माझं भांडण एवढ्याशीच आहे की हा निर्णय मुलाला न विचारता, वर्गात काय चालतं ते न बघता, अर्ध्या हिशोबावर आपण घेतो.

फॉर्म भरायच्या आधी चार गोष्टी करा.

एक: मुलाला विचारा, आणि गप्प बसला तर ते "हो" धरू नका. ही माझी चूक.

दोन: वेटेज काय आहे ते काउन्सेलरकडून लेखी घ्या.

तीन: "कितवी चेअर?" ऐवजी "आज सूर कुणाकडे होता?" असं विचारा. पहिले काही दिवस मूल विचित्र नजरेने बघेल. मग सांगायला लागेल.

चार: घरी रोज दहा मिनिटं आरशासमोर मोकळ्या तारांवर सावकाश बो ओढू दे, ब्रिजला समांतर. मग फोनवरचं तानपुऱ्याचं अ‍ॅप डी वर लावा आणि त्यावर डी मेजर स्केल वाजवायला सांगा. तो आपला बिलावलच. आजी घरी असेल तर तिला शेजारी बसवा. बोटाची जागा तिला सांगता येणार नाही, पण सूर लागला की नाही ते नक्की सांगेल.

माझ्या लेकीसाठी उशीर झालाय. कॉलेजला गेल्यावर परत वाजवेन म्हणते, बघू. धाकटा यंदा आठवीत आहे. सेकंड व्हायोलिन, मागच्या स्टँडवर. परवा त्याचा फॉर्म आला. या वेळी पेन त्याच्या हातात दिलं.

तुमच्या घरी काय ठरतंय ते खाली लिहा. माझ्याशी भांडायचं असेल तरी लिहा. फक्त आधी एकदा मुलाला विचारून या.